मागचे पान

वाचन हा केवळ डोळ्यांचा व्यापार होय, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. त्यातील हातांचा वाटा हात दुबळे झाल्यावाचून ध्यानात येत नाही. पोथीची सुटी पाने चौरंगावर सपाट राहत. बांधीव ग्रंथ मात्र आपणहून मिटू पाहतो. संधिवाताने बोटे आखडलेल्या अभ्यासकाला दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चा एक खंड उघडून धरणेही दुष्कर ठरते.

पाने उलटून देणारा मदतनीस लाभला, तरी प्रश्न सुटत नाही. संशोधनात पुनःपुन्हा मागे जावे लागते. दुसऱ्यास किती वेळा श्रम द्यावेत, या संकोचाने वाचक मागचे पान मागत नाही आणि शंका तशीच राहते. ध्वनिमुद्रित ग्रंथ कथा-कादंबरीस पुरतो. पाठभेद ताडून पाहण्यास तो अपुरा पडतो.

भारतीय कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी, संशोधनार्थही, सुगम प्रती करण्यास मुभा दिली. २०१३ च्या माराकेश कराराने ग्रंथ हाती धरू न शकणाऱ्यांनाही दृष्टिहीनांच्या बरोबरीने लाभार्थी मानले आणि २०१४ मध्ये भारताने त्यास सर्वप्रथम अनुमोदन दिले. तेव्हा विद्यापीठीय ग्रंथालयांनी ही सवलत केवळ अंधांपुरती समजू नये. पानांची नुसती छायाचित्रे न देता, शब्द शोधता येईल आणि एका कळीने वा आवाजाने पान उलटता येईल अशी संगणकीय संहिता त्यांनी अशा अभ्यासकास द्यावी. शंका येताच मागे जाता आले, तरच त्याचा निष्कर्ष सर्वस्वी त्याचा राहील.