जाळं कापलं तर तोटा कुणाचा? कासव, कोळी आणि 'गेम थिअरी'

समजा, तुम्ही श्रीवर्धनजवळच्या भरडखोलच्या एका बोटीचे तांडेल आहात. पहाटे जाळं ओढताय. वजन चांगलं लागतंय, खलाशी खुशीत आहेत. जाळं वर येतं आणि पापलेटांसोबत त्यात एक ऑलिव्ह रिडले कासव अडकलेलं दिसतं. त्याला सोडवायचं तर जाळं कापावं लागणार. काय कराल?

"कापणार!" असं मोबाइलवर वाचताना म्हणणं सोपं आहे. पण जाळं तुमचं, त्याचे हप्ते तुमचे. कासव वाचल्याचं समाधान मात्र सगळ्यांचं. शिवाय तुम्ही कापलं आणि शेजारच्या बोटीने नाही कापलं, तर तेच कासव उद्या तिच्या जाळ्यात मरणार.

गेम थिअरी म्हणजे काय?

आपला फायदा-तोटा समोरचा काय करतो यावरही ठरतो, तेव्हा माणूस कसा निर्णय घेतो, याचं हे गणित. इंजिनिअरिंगला असताना आम्ही ते दोन कैद्यांच्या उदाहरणातून शिकलो होतो. दोघांनी साथ दिली तर दोघांचंही भलं होतं, पण दगा खाण्याच्या भीतीने दोघंही साथ सोडतात.

समुद्रात यात कायद्याची भर पडते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार समुद्री कासव पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे 'जाळ्यात कासव आलं होतं' हे सांगणंही धोक्याचं वाटू शकतं. गप्प बसणं सर्वात सोयीचं. सगळेच गप्प बसले, तर किनाऱ्यापासून दूर काय घडतंय हे कुणालाच कळत नाही.

महाराष्ट्राने काय केलं?

डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या कांदळवन कक्षाने मत्स्यव्यवसाय विभागासोबत एक योजना आणली. संरक्षित सागरी जीव सोडवताना जाळ्याचं नुकसान झालं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ द्यायचे.

हे निव्वळ प्राणिप्रेम नाही, हे क्राउडसोर्सिंग आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला 'प्रथमा' नावाच्या कासवाला सॅटेलाइट टॅग लावला, तेव्हा तिची मोठी बातमी झाली होती. पण असे टॅग मोजक्याच कासवांना लावता येतात. रेवस-करंजापासून दिघी-जीवना बंदरापर्यंतच्या बोटी मात्र रोज समुद्रात असतात. प्रत्येक बोटीवर कॅमेऱ्याचा फोन आहे. प्रत्येक फोटो म्हणजे कुठे, कधी, कोणता जीव दिसला याची नोंद.

पैसे दिले की गर्दी मदत करते?

नेहमीच नाही. अमेरिकेच्या 'डार्पा' या संरक्षण संशोधन संस्थेने ५ डिसेंबर २००९ रोजी देशभर दहा लाल फुगे लावले आणि ते शोधणाऱ्याला ४० हजार डॉलरचं बक्षीस ठेवलं. एमआयटीच्या टीमने युक्ती केली. फुगा शोधणाऱ्याला दोन हजार डॉलर, त्याला टीममध्ये आणणाऱ्याला एक हजार, त्याच्याही आधीच्याला पाचशे. नऊ तासांच्या आत दहाही फुगे सापडले.

दोन वर्षांनी त्याच संस्थेने कागदाचे तुकडे जुळवण्याची स्पर्धा घेतली. एका विद्यापीठाच्या टीमने हे काम ऑनलाइन सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. मग कुणीतरी आत शिरून जुळवलेले तुकडे पुन्हा पुन्हा विस्कटून टाकले. बक्षीस गेलं दुसऱ्याच छोट्या टीमकडे. बक्षीस एकालाच मिळणार असेल, तर दुसऱ्याचं काम बिघडवण्यातही फायदा असतो. आणि अनोळखी गर्दीत बिघडवणारा सापडत नाही.

मग आपली योजना का टिकू शकते?

माझ्या मते दोन कारणं आहेत. एक, इथे बक्षीस नाही, भरपाई आहे. माझं जाळं भरून मिळाल्याने तुमचं काही जात नाही. दुसरं, कोळीवाडा म्हणजे इंटरनेटवरची गर्दी नाही. बोट नोंदणीकृत असते, रोज त्याच जेट्टीला लागते आणि कुणी काय केलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. पुन्हा पुन्हा त्याच माणसांशी गाठ पडणार असेल, तर सहकार्य परवडतं. रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९८४ च्या पुस्तकात हेच मांडलं होतं.

पण नियम एवढाच हवा: प्रामाणिक माणसाचा तोटा होऊ नये आणि लबाडाला फायदा होऊ नये. सध्याचा हिशेब जाळ्याचा आहे. तांडेलाच्या डोक्यात मात्र त्या फेरीचं डिझेल, बर्फ आणि हातची गेलेली मासळीही असते. तेही धरलं पाहिजे, पण त्यावर एक रुपयाही नको. भरपाई कमाईचं साधन झाली, तर कासव 'अडकवलं'ही जाईल.

पैसे वेळेत मिळणं तितकंच महत्त्वाचं. एकाची फाइल रखडली, तर ती बातमी जेट्टीवर फोटोपेक्षा वेगाने पसरते आणि पुढचे दहा जण गप्प बसतात.

आणि मच्छिमारांनी दिलेली माहिती त्यांच्याकडे परत यायला हवी. कोणत्या महिन्यात, कोणत्या पट्ट्यात कासवं जास्त अडकतात, याचा साधा मराठी नकाशा प्रत्येक मच्छिमार सोसायटीत लावा. त्या पट्ट्यात जाळं टाकणं टाळलं, तर ते कापायची वेळच कमी येईल.

पावसाळी बंदी संपून १ ऑगस्टला बोटी पुन्हा सुटतात. नकाशा लावायला तोच दिवस धरा.