बंदूक भात्यावर नेऊ नका



मागे सिंधुदुर्गातल्या एका बागायतदाराने पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची आपली बारा बोअरची बंदूक मला दाखवली. बांधावरून घसरताना नळीत चिखल गेला होता. ते ध्यानात न येता त्यांनी बार टाकला आणि तोंडापासून वीतभर अलीकडे नळी फुगली. गावच्या लोहाराने ती तापवून, ठोकून सारखी करून दिली. वरून पाहता काही कळत नव्हते! मी ती पुन्हा झाडू दिली नाही. त्यांना राग आला, येऊ दे.

कारण समजून घ्या. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पंधरा-वीस पौंड हवा असते. काडतूस उडते तेव्हा नळीच्या बुडाशी दर चौरस इंचाला दहा हजार पौंडांच्या आसपास दाब येतो, आणि तुमचा गाल तिथून वीत-दीड वीतच दूर असतो. म्हणून नवी नळी जादा दाबाच्या काडतुसाने तपासून मगच तिच्यावर छाप मारतात. नळी भट्टीत तापवली किंवा झाळली की पोलादाचा कस बदलतो. मग तो छाप नावापुरताच उरतो.

पुसणे, तेल देणे घरी करावे. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की नळीतला गंज आधी पाहावा. दस्ता सैल झाला, कमान मोडली, तर परवानाधारक कारागीर पुरे. पण नळीला फुगवटा, चीर किंवा खोल पोचा असेल, बंद केल्यावरही नळी खुळखुळत असेल, किंवा चाप न ओढता घोडा पडत असेल, तर बंदूक बनवणाऱ्या कारखान्याकडेच जावे लागते.

आजोबांच्या विलायती बंदुकीचा कारखाना बहुधा कधीच बंद पडलेला असतो. तिची घरे पुष्कळदा ६५ मिलिमीटरची असतात. ७० चे काडतूस त्यात बसते खरे, पण उडताना उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. जाणत्या कारागिराने मोजून खात्री दिली नाही, तर तिच्यातून बार काढू नये.

१९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणे गुन्हा आहे. तुमच्याबरोबर तो बिचारा लोहारही अडकतो. बंदूक विक्रेत्यामार्फत कारखान्याकडे धाडताना परवाना बरोबर न्या आणि पावतीवर बंदुकीचा क्रमांक लिहून घ्या.