हमाल, रसीद आणि आपले बिऱ्हाड

एप्रिल-मे आला की मोहल्ल्यामोहल्ल्यात टेम्पो उभे दिसू लागतात. कुणाची बदली झालेली असते, कुणाचा अकरा महिन्यांचा करार संपलेला असतो, कुणाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली असते. शिक्षकी पेशात वीसेक वर्षे काढल्यामुळे बिऱ्हाडे उठताना आणि बसताना मी पुष्कळ पाहिली. स्वतःचे घर चार वेळा हलवले, दोनदा नातेवाइकांच्या मदतीने आणि दोनदा पैसे देऊन. यातून माझे एक मत पक्के झाले आहे. सामान हलवण्यासाठी हे काम जाणणारी माणसे लावणे ही उधळपट्टी नाही. मात्र ती लावताना आपल्याकडे फक्त भाव पाहिला जातो, कागद पाहिला जात नाही, आणि सगळे दुखणे तिथून सुरू होते.

आधी उधळपट्टीचे बोलू. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘‘आमच्या वेळी कुठे होते हे पॅकर्स-मूव्हर्स? मामू आले, चाचा आले, चार पोरे आली, झाले काम.’’ खरे आहे. पण त्यांच्या वेळी घरात एक ट्रंक, दोन पलंग, भांड्यांची पोती आणि गाद्यांच्या वळकट्या असायच्या. आज साध्या शिक्षकाच्या घरातही फ्रीज, वॉशिंग मशीन, भिंतीवरचा टीव्ही, काचेचे शोकेस असते. शिवाय फुकटची मदत फुकट पडत नाही. गॅरेजमध्ये रोजंदारीवर काम करणारा भाचा दिवस बुडवून येतो. आठ माणसांचे जेवण करावे लागते. आणि मेहुण्याच्या हातून टीव्ही फुटला तर भरपाई मागणार कशी? उलट आपणच म्हणतो, ‘‘जाऊ दे, माल गेला, माणूस सलामत आहे ना.’’

आमच्या पेशात तर आणखी एक जुनी सवय आहे. मास्तरांचे घर बदलायचे असले की शाळेतली आठवी-नववीची पोरे बोलावली जायची. गुरूची सेवा म्हणून ती हसत यायची, आईबापही खूश असायचे. मला ही रीत कधीच पटली नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर गोदरेजचे कपाट चढवणे याला सेवा म्हणता येत नाही. ते कपाट निसटले तर त्याच्या बापाला आपण काय सांगणार?

हिशेबात कुणी न धरलेली मेहनत मात्र घरातल्या बाईची असते. पुरुष मंडळी एका दिवसात सामान चढवतात-उतरवतात. तिचे काम आठ दिवस आधी सुरू होते आणि नंतर महिनाभर चालते. चिनीमातीची एकेक बशी वर्तमानपत्रात गुंडाळणे, मसाल्याचे डबे बांधणे, देगा आणि तांब्याची भांडी वेगळी करणे, आणि हे सगळे नेहमीची नोकरी, स्वयंपाक, मुलांच्या परीक्षा सांभाळून. काम जाणणारी चार माणसे तेच स्वयंपाकघर काही तासांत बांधून देतात. बशा आडव्या न रचता उभ्या ठेवायच्या, पुस्तके मोठ्या खोक्यात न भरता लहान खोक्यांत भरायची म्हणजे उचलणाऱ्याची कंबर वाचते, फ्रीज आदल्या दिवशीच बंद करून कोरडा करायचा, या गोष्टी त्यांना ठाऊक असतात. तो हुनर आहे आणि हुनरचे पैसे द्यावे लागतात.

‘‘परकी माणसे घरात येऊन कपाटाला हात लावणार?’’ हा आमच्याकडचा नेहमीचा आक्षेप. तो मी हसण्यावारी नेत नाही. बायकांचे कपडे, दागिने, शाळेचे दाखले, घराचे आणि बँकेचे कागद आपण स्वतः बांधावेत आणि स्वतःजवळ ठेवावेत. कुराणशरीफ, रेहल आणि जुजदान आमच्या घरी अम्मी शेवटी उचलते आणि मांडीवर घेऊन बसते. शेजारच्या हिंदू घरांत देव्हाऱ्याचे असेच असते. एवढे बाजूला काढल्यावर जे उरते, ते पलंग, गाद्या, भांडी आणि यंत्रे. त्यांना परका हात लागल्याने काही बिघडत नाही.

आता दुसरी बाजू. मुंबई-पुण्यात भाड्याचे घर शोधताना नाव सांगितल्याबरोबर ‘‘घर आत्ताच गेले’’ हे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. घर मिळते ते शेवटच्या आठवड्यात. जुने घर सोडायची तारीख डोक्यावर असते, जुन्या मालकाकडे डिपॉझिट अडकलेले असते, नव्याला डिपॉझिट द्यायचे असते. अशा घाईत माणूस मोबाइलवर दिसेल तो नंबर फिरवतो आणि सर्वात कमी भाव सांगणाऱ्याला होकार देतो. फसवणारे नेमके या घाईवर जगतात.

त्यांची पद्धत ठरलेली आहे. नामांकित कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते नाव असते. घर न पाहताच फोनवर भाव सांगितला जातो, थोडा आगाऊ पैसा घेतला जातो. सामान एकदा गाडीत चढले की भाषा बदलते. माझ्या एका सहकारी शिक्षिकेचे बिऱ्हाड मालेगावहून भिवंडीला जायचे होते. फोनवर अठरा हजार ठरले. सामान भरून झाल्यावर जीएसटीचे वेगळे, दुसऱ्या मजल्याचे वेगळे, पॅकिंगचे वेगळे असे करत आकडा एकतीस हजारांवर गेला. त्यांनी नकार दिला तेव्हा चालकाचा फोन बंद झाला. नव्या घरात दोन रात्री मुले चटईवर झोपली, आणि तिसऱ्या दिवशी एकतीस हजार रोख मोजल्यावर पलंग आले. पोलीस ठाण्यात विचारले गेले, ‘‘काय ठरले होते, दाखवा.’’ दाखवायला फक्त एक कॉल रेकॉर्ड होता, तोही मिनिट-सेकंदांचा.

गंमत अशी की ज्या घरासाठी हे सामान निघाले, त्याचा कागद मात्र आपण करतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. चार भिंतींसाठी बायोमेट्रिक अंगठा देणारे आपण, त्या भिंतींच्या आतला आयुष्यभराचा संसार तोंडी बोलीवर अनोळखी माणसाच्या ताब्यात देतो.

कागदात काय असावे? प्रथम, माणूस घरी येऊन किंवा व्हिडिओ कॉलवर सामान पाहून भाव देईल, असा आग्रह धरा. भावपत्रात पॅकिंग, चढवणे, वाहतूक, उतरवणे, मांडणी, मजले आणि लिफ्ट, सोसायटीच्या गेटपासूनचे अंतर हे सगळे वेगवेगळे लिहून घ्या. जीएसटी त्यात धरला आहे की वर लागणार, तेही लिहून घ्या. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रात नोंदलेला असेल तर २७ ने सुरू होतो, आणि सरकारी पोर्टलवर टाकला की तो कुणाच्या नावावर आहे ते फुकट कळते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. त्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर समजून घ्या.

दुसरे, सामानाची यादी. खोक्यांना नंबर, प्रत्येक खोक्यात काय आहे, मोठ्या वस्तूंवर आधीच असलेले ओरखडे, आणि खाली दोघांच्या सह्या. निघण्याआधी फोटो. गाडीचा नंबर आणि चालकाचे नाव असलेली बिल्टी हातात आल्याशिवाय गाडी हलू देऊ नये. रस्ता वाहतूक कायदा, २००७ नुसार वाहतूकदाराने मालाची पावती द्यायची असते. आपण मालाची किंमत लिहून जादा जोखमीचा दर ठरवला नसेल, तर त्याची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते, आणि नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. म्हणून किंमत लिहायला लाजू नका.

तिसरे, विमा. ‘‘तीन टक्के द्या, सगळे इन्शुअर्ड आहे’’ असे सर्रास सांगतात. विमा विमा कंपनीचा असतो आणि त्याला पॉलिसी नंबर असतो. तो मिळत नसेल तर ते तीन टक्के कशाचे, हे विचारा. शेवटी, सगळी रक्कम आधी देऊ नका, आणि जे द्याल ते बँकेतून द्या. एवढे करूनही बिनसले तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही. पण हे सगळे दरवाजे कागदाच्या किल्लीने उघडतात.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून एक शब्दांची गोष्ट सांगतो. उर्दूतली ‘रसीद’ फारसीतल्या ‘रसीदन’पासून आली, म्हणजे पोहोचणे. मराठीतली ‘पावती’ पावणे या क्रियापदातून आली, तिचाही अर्थ पोहोचणे, मिळणे. दोन भाषांनी आपापल्या वाटेने जाऊन कागदाला एकच नाव दिले. तो कागद टाळायचा म्हणजे सामान पोहोचेल याची हमीच सोडून द्यायची.

आणि आपल्यापैकी जे म्हणतात की ‘‘माणसावर भरोसा ठेवावा, लिखापढी कशाला?’’ त्यांना आठवण करून द्यावीशी वाटते. कुराणातली सर्वात लांब आयत नमाज-रोज्याविषयी नाही. ती सूरह बकरामधली २८२ वी आयत आहे आणि मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, अशा आशयाची आहे. आज आगाऊ पैसे देऊन उद्या काम घेणे हाही मुदतीचाच व्यवहार. समोरच्याला कागद मागणे म्हणजे त्याला चोर म्हणणे, ही समजूत आपण कुठून आणली कोण जाणे.

हा कागद दोन्ही बाजूंनी बांधतो, हेही तेवढेच खरे. भाव पाडून पाडून आपण खाली आणतो तेव्हा मालकाचा नफा क्वचितच कमी होतो. कमी होतात ती माणसे. पाचाच्या जागी तीन येतात, आणि तिघे मिळून चौथ्या मजल्यावर फ्रीज चढवतात. ‘हमाल’ हा शब्द अरबी, ओझे वाहणारा. माथ्यावर वाहतो तो माथाडी. या माणसांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल कामगारांचा कायदा केला. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणण्यासाठीसुद्धा हमालांना लढावे लागले आहे. पण माझ्या घरचे सामान उचलायला आलेल्या पोरांपैकी एकाकडेही माथाडी मंडळाचे ओळखपत्र नव्हते. बोट चिरडले तर दवाखान्याचा खर्च कोण करतो, असे मी एकाला विचारले. तो नुसता हसला.

म्हणून भाव ठरवताना किती माणसे येणार, हेही लिहून घ्यावे. लिफ्ट नसेल तर ते आधी सांगावे, म्हणजे जिन्याचे पैसे त्यांना मिळतील. ‘‘आता आलाच आहात तर हे जुने कपाट माळ्यावर टाका’’ हे यादीबाहेरचे काम, आणि त्याचे वेगळे पैसे होतात. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. ती टेम्पोच्या मागे उभे असतानाही आठवावी. उन्हात प्यायला थंड पाणी, दुपारी बसायला अर्धा तास, एवढे तर कुठल्याही भावपत्रात न लिहिता देता येते.

दहावीच्या मराठीच्या पेपरात पत्रलेखन असते. मागणीपत्र, तक्रारपत्र. पोरे मार्कांसाठी सुरेख तक्रारपत्र लिहितात, आणि घरी त्यांचे वडील खरीखुरी तक्रार तोंडी करून गप्प बसतात. यंदापासून मी वर्गात एक नवा सराव घेतो आहे: घरातल्या सामानाची क्रमवार यादी करा, वाहतूकदाराला भावपत्र मागणारे पत्र लिहा आणि कामाच्या अटी लिहा. मार्कांचे काय ते बोर्ड बघेल. यातली चार पोरे जरी उद्या घरच्या टेम्पोसमोर वही घेऊन उभी राहिली, तरी माझे शिकवणे पावले असे मी समजेन.