फ्री, लिब्र आणि ग्रात्युई

आमच्या नातीने अकरावीला फ्रेंच घेतलं आहे. मार्क चांगले पडतात म्हणून. (भाषा घेण्याचं हे कारण मला पटत नाही, पण आम्हाला विचारतो कोण!) मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मास्तर, फ्रेंचचा मला गंध नव्हता. तिच्याशेजारी बसून थोडंफार शिकलो, तेवढीच पुंजी. पण गेल्या महिन्यात तिच्या वहीत पडलेल्या एका लाल फुलीने मला माझ्याच एका जुन्या चुकीपाशी नेऊन सोडलं.

वाक्य अगदी साधं होतं. ‘गावातली शाळा फ्री आहे’ हे इंग्रजीतून फ्रेंचमध्ये करायचं. नातीने कोश उघडला आणि ‘फ्री’समोरचा पहिला शब्द उचलला : लिब्र. तिथेच फुली पडली. लिब्र म्हणजे स्वतंत्र, मोकळा. फी नसलेली शाळा असते ‘ग्रात्युईत’, म्हणजे मोफत. (मूळ शब्द ग्रात्युई. शाळा त्यांच्याकडेही स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी ‘त’ ऐकू येतो.)

“अर्थ कळतोच की, आजोबा! एवढं काय?” असं ती म्हणाली. मलाही आधी तसंच वाटलं. मग वाचत गेलो तेव्हा ध्यानात आलं, की इथे अर्थ चक्क उलटा होतो. फ्रान्समध्ये ‘एकोल लिब्र’ म्हणजे खासगी शाळा, बहुतेक कॅथलिक पंथाची, आणि तिथे पालकांना फी भरावी लागते! १८५० च्या फालू कायद्याने शाळांचे दोन प्रकार मानले, सार्वजनिक आणि लिब्र. लिब्र म्हणजे सरकारपासून मोकळी. पुढे ज्यूल फेरी यांच्या काळात, १८८१ साली, सरकारी प्राथमिक शाळा ग्रात्युईत झाल्या आणि १८८२ साली शिक्षण सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष झालं. म्हणजे जी शाळा लिब्र ती ग्रात्युईत नाही, आणि जी ग्रात्युईत तिला कोणी लिब्र म्हणत नाही. इंग्रजीत दोघींना ‘फ्री’ म्हटलं तर व्याकरणाची काहीच हरकत नाही.

या शब्दावरून तिथे लोक रस्त्यावरही उतरले आहेत. १९८४ साली शिक्षणमंत्री साव्हारी यांनी खासगी शाळांना सरकारी व्यवस्थेच्या अधिक जवळ आणणारं विधेयक मांडलं. २४ जूनला पॅरिसमध्ये लाखो लोकांचा मोर्चा निघाला आणि जुलैत राष्ट्राध्यक्ष मितराँ यांना ते विधेयक मागे घ्यावं लागलं. या शाळांची बाजू घेणारा त्यांना ‘लिब्र’ म्हणतो, विरोध करणारा ‘खासगी’ म्हणतो. भाषांतर करणाऱ्याने शब्द निवडला की त्याने बाजूही निवडली, असं होऊन बसतं.

आणि इंग्लंडमध्ये २०१० च्या कायद्यानंतर ज्या ‘फ्री स्कूल’ निघाल्या, त्यांचं काय करायचं? त्या स्थानिक प्रशासनाच्या ताब्यातून मोकळ्या, आणि मुलांना फीही नाही. दोन्ही अर्थ एकत्र! फ्रेंचमध्ये लिब्र म्हणावं तर वाचक कॅथलिक शाळा समजणार, ग्रात्युईत म्हणावं तर त्यांना त्यात नवल ते काय वाटणार? मला विचाराल तर इंग्रजी नाव तसंच ठेवून पुढे एक ओळ समजावून लिहावी. भाषांतरकाराला त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

१० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्येच संमत झालेला मानवी हक्कांचा जाहीरनामा मी नातीकडून दोन्ही भाषांत छापून घेतला. कलम १ मध्ये माणसं जन्मतः ‘फ्री’ आहेत, कलम २६ मध्ये शिक्षण ‘फ्री’ असावं आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं असावं. इंग्रजीत शब्द एकच. फ्रेंचमध्ये पहिल्या ठिकाणी लिब्र, दुसऱ्या ठिकाणी ग्रात्युईत. ते वाचताना मला माझा वर्ग आठवला.

साल १९८३ किंवा ८४ असेल. आठवीचा वर्ग. घटनेच्या कलम ४५ मधलं ‘फ्री अँड कम्पल्सरी एज्युकेशन’ मी मराठीत करायला दिलं होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने लिहिलं, ‘स्वतंत्र आणि सक्तीचे शिक्षण’. मी उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. वर्ग हसला, मीही हसलो. तो उभा राहून म्हणाला, “सर, मलाही ते पटलं नव्हतं. स्वतंत्र असेल तर सक्ती कशी?” मी त्याला खाली बसवलं.

आता सांगतो, त्याचा दोष नव्हता. आदल्याच आठवड्यात फळ्यावर मीच लिहून दिलं होतं : फ्री बरोबर स्वतंत्र. शब्द, मध्ये बरोबरचं चिन्ह, अर्थ. असे शब्दार्थ मी तीस वर्षं उतरवून दिले आणि मुलांनी पाठ केले. ते बरोबरचं चिन्हच खोटं आहे, हे मला आज लख्ख दिसतं. शिवाय तो मुलगा नादारीवर शिकत होता. मोफत शिक्षण म्हणजे काय हे त्या वर्गात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मी त्याला एवढंच विचारायला हवं होतं, “बाळ, इथे फी कोण भरतं?” पुढचं त्याचं त्यानेच जुळवलं असतं.

म्हणून माझं मत असं, की इंग्रजी शब्द नीट कळायला इंग्रजी कोशापेक्षा तो तिसऱ्या एखाद्या भाषेत नेऊन पाहावा. फ्रेंच माणूस बोलण्याआधी ‘कोणतं फ्री?’ असं विचारायला भाग पाडतो. खुद्द इंग्रजीवाल्यांनाही ही अडचण सोसत नाही. रिचर्ड स्टॉलमन १९८० च्या दशकापासून सांगत आले, की ‘फ्री सॉफ्टवेअर’मधलं फ्री म्हणजे फुकट नव्हे. फ्रेंचमध्ये ‘लोजिसिएल लिब्र’ म्हटलं की खुलासा लागत नाही. २०१० मध्ये निघालेल्या लिब्रऑफिसच्या नावात तर तो शब्दच उसना घेतला आहे.

अर्थात फ्रेंचांचंही सगळं चोख आहे असं नाही. कार्यक्रमाच्या दारावर ‘आंत्रे लिब्र’ अशी पाटी असली तर तिकीट नाही असं समजायचं; तिथे लिब्रच मोफत होतो. आणि ग्रात्युईचा दुसरा अर्थ निष्कारण, उगाचच. आपण ‘फुकटची बोलणी खाल्ली’ म्हणतो तसा. सरकारी कागदावरचं ‘मोफत’ आणि बोलण्यातलं ‘फुकट’ यांत जो मानाचा फरक आहे, तो मात्र मी नातीला अजून फ्रेंचमध्ये करून दाखवू शकलेलो नाही.

तिच्या पुढच्या पाठात ‘राइट’ हा शब्द आहे. हक्क, उजवा आणि बरोबर. कोश काढून ठेवला आहे.