पोलादनगरीतला सिलिकॉन

जालन्याची ओळख पोलादाच्या सळ्यांची आणि बियाण्यांची. आता जिल्ह्याच्या शिवारांत सौर पॅनेलही जागोजाग दिसतात. कृषिपंप त्यांवर चालतात, आरोग्य केंद्रांच्या छतांवरही ती बसू लागली आहेत. पोलाद काय किंवा सिलिकॉन काय, दोन्ही स्फटिकच. पण दोषांशी दोघांचे नाते अगदी उलटे आहे.

सळईच्या लोखंडात कार्बन मुद्दाम राखलेला असतो. त्या अडथळ्यानेच तिला बळ येते. सिलिकॉनमध्ये मात्र हेच लोखंड विष ठरते. प्रकाश पडला की सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन जागा सोडून मोकळा होतो आणि मागे एक रिकामी जागा उरते. दोघे दोन दिशांना गेले तर वीज मिळते. वाटेत लोखंडाचा अणू किंवा अणूंची विस्कटलेली रांग आली, तर दोघे तिथेच अडकून एकमेकांत विरतात आणि प्रकाशाने दिलेल्या ऊर्जेची नुसती उष्णता होते. अब्जावधी सिलिकॉन अणूंमागे लोखंडाचा एखादाच अणू असला तरी फरक पडतो.

अर्थात प्रत्येक दोष घातक नसतो. तिन्हीसांजेला रस्त्यावरचा दिवा आपोआप लावणाऱ्या अनेक सेन्सरमध्ये कॅडमियम सल्फाइड असते आणि त्यात तांब्यासारखी भेसळ हेतुपूर्वक करतात. ती रिकाम्या जागेला धरून ठेवते. जोडीदार न भेटल्याने इलेक्ट्रॉन बराच वेळ मोकळा फिरतो, त्यामुळे अंधूक उजेडातही वाहकता चांगलीच वाढते. मात्र असा सेन्सर सुस्त असतो. अंधार पडल्यावरही वाहकता सावकाश ओसरते. दिव्याला ते चालते. बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरला नाही, कारण त्याला नाडीच्या ठोक्यागणिक बदलणारा प्रकाश टिपायचा असतो. म्हणून तिथे सिलिकॉनच लागतो, तोही शुद्ध.

पॅनेलच्या कारखान्यात फॉस्फरसचा थर देऊन लोखंड एका बाजूला ओढून घेतात, हायड्रोजनने तुटके बंध बुजवतात. पुढचे दोष आपल्या दारात तयार होतात. ट्रकमधली आदळआपट, पॅनेलवर उभे राहून केलेली धुलाई आणि गारपीट. फेब्रुवारी २०१८ मधली गारपीट जिल्हा विसरलेला नाही. वरची काच शाबूत राहून आतली सिलिकॉनची पातळ चकती तडकू शकते. तड्याच्या कडेला इलेक्ट्रॉन मरतात आणि चकतीचा एखादा तुकडा उरलेल्या भागापासून तुटतो.

पंपाचे पाणी कमी झाले तर शेतकऱ्याच्या लगेच लक्षात येते. आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रिज मात्र २ ते ८ अंशांतच राहावा लागतो. कुपीवरचे व्हीव्हीएम चिन्ह हळूहळू रंग बदलून उष्णतेची खबर देते खरे, पण तो रंग पूर्ण बदलेपर्यंत कोणी पाहिले नाही, तर लस वाया गेलेली असते.

तडे शोधण्याची चाचणी उपलब्ध आहे. अंधारात पॅनेलमध्ये बाहेरून वीज सोडली की सिलिकॉन डोळ्यांना न दिसणारा मंद प्रकाश देतो. खास कॅमेऱ्यात दोषाची जागा काळी उमटते. पॅनेलचा एक्स-रेच म्हणा ना! आरोग्य केंद्रांच्या सौर कंत्राटांत ही तपासणी बसवताना आणि प्रत्येक गारपिटीनंतर बंधनकारक करावी. पहिली चित्रे केंद्रातच जपून ठेवावीत, म्हणजे पुढच्या वेळी नवा तडा कोणता आणि जुना कोणता हे ताडून पाहता येईल.