विश्लेषण : ॲप बांधणारे ‘बिल्ड टूल’ बदलणे एवढे अवघड का?

गुगल प्लेने १ नोव्हेंबर २०२५ पासून एक नियम लागू केला. अँड्रॉइड १५ व त्यापुढील आवृत्त्यांसाठीची नवी ॲप आणि जुन्या ॲपचे अपडेट यांनी १६ केबी आकाराच्या ‘मेमरी पेज’वर चालणे बंधनकारक झाले. नियम मेमरीचा असला, तरी अंधेरी किंवा मुलुंडमधल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी त्याचा अर्थ अनेकदा वेगळाच असतो : ॲप ज्यावर बांधले जाते ते जुने ‘बिल्ड टूल’ सोडा. हे काम का रखडते आणि त्याचा मोबाइलधारकाशी संबंध काय?

बिल्ड टूल म्हणजे काय?

प्रोग्रामरने लिहिलेला कोड फोनला थेट समजत नाही. तयार लायब्ररी गोळा करणे, कोडचे रूपांतर करणे, चाचण्या घेणे आणि शेवटी इन्स्टॉल होणारी फाइल बनवणे, ही कामे बिल्ड टूल करते. जावाच्या जगात आधी अँट, मग मेव्हन आणि नंतर ग्रेडल आले. अँड्रॉइडसाठी एक्लिप्स आणि अँटचा अधिकृत आधार गुगलने २०१५ अखेर थांबवला. तेव्हापासून ग्रेडल हीच मुख्य वाट आहे.

टूल बदलायचे कशासाठी?

कारणे दोन, वेग आणि सक्ती. ‘स्प्रिंग बूट’ या प्रसिद्ध जावा प्रकल्पाने २०२० मध्ये मेव्हन सोडून ग्रेडल स्वीकारले. पूर्ण बिल्डला तासभर किंवा अधिक लागत असे, ते काम सरासरी दहा मिनिटांच्या आत आले. न बदललेला भाग ग्रेडल पुन्हा बांधत नाही, हे त्यामागचे मोठे कारण. सक्तीचे उदाहरण म्हणजे वरचा नियम. सी किंवा सी++ मधील लायब्ररी वापरणाऱ्या ॲपसाठी गुगल ग्रेडल प्लगइनची ८.५.१ किंवा त्यापुढील आवृत्ती सुचवते.

मग अडते कुठे?

एक विट काढली की भिंत हलते. प्लगइनची आठवी मालिका जावा १७ मागते, त्यासाठी ग्रेडलही नवे लागते. मग जुन्या लायब्ररी तक्रार करू लागतात. एखादी लायब्ररी बनवणाऱ्याने काम बंद केले असेल आणि तिचा मूळ कोड हाती नसेल, तर पर्याय शोधून ॲपचा तो भाग नव्याने लिहावा लागतो. शिवाय जुन्या टूलमध्ये वर्षानुवर्षे साचलेल्या, कुठेही नोंद नसलेल्या सूचना असतात. त्या लिहिणारा कर्मचारी कधीच नोकरी सोडून गेलेला असतो. ग्राहकाला मात्र यातून नवे बटण मिळत नाही, त्यामुळे या कामाचे पैसे मागणेही अवघड.

लोकलकडून काय शिकावे?

मुंबईच्या लोकलने असे स्थलांतर केले आहे. १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीकडे जाताना सेवा बंद ठेवणे शक्यच नव्हते. टप्प्याटप्प्याने मार्ग बदलले, दरम्यान दोन्ही विद्युतदाबांवर चालणाऱ्या गाड्या वापरल्या. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये, तर हार्बरवर एप्रिल २०१६ मध्ये संपले. सॉफ्टवेअरमध्येही हाच मार्ग सुरक्षित : काही काळ दोन्ही टूलने बिल्ड करायचे, तयार फाइली ताडून पाहायच्या, खात्री पटली की जुने बंद करायचे. एका शनिवार-रविवारी सगळे उरकण्याचा हट्ट सोमवारी सकाळी महागात पडतो.

मोबाइलधारकाला फरक काय?

नियम न पाळणारे ॲप फोनमधून लगेच गायब होत नाही, पण त्याचे नवे अपडेट अडते. उद्या त्यात सुरक्षेची त्रुटी सापडली, तर दुरुस्ती तयार असूनही पोहोचवता येणार नाही. पैशांचे व्यवहार करणाऱ्या ॲपमध्ये हा धोका मोठा. प्ले स्टोअरवर ‘या ॲपबद्दल’ विभागात शेवटच्या अपडेटची तारीख दिसते. ती वर्ष-दोन वर्षे जुनी असेल तर ॲप असुरक्षितच आहे असे नाही, पण ते कोणी सांभाळते आहे का, हे विचारायला हवे.