कोळ्याला नाव मिळाले, बांधावर जागा मिळेल का?



कपाशीच्या पानावर आठ पायांचा बारीक जीव दिसला, की आपण म्हणतो, ‘कोळी पडला, मारा फवारा!’ इथेच आपली गफलत होते.

सन २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातील अशाच एका बारीक कोळ्याची शास्त्रात नवी जात म्हणून नोंद झाली. ध्रुव प्रजापती, सोमनाथ कुंभार, जॉन कालेब, राजेश सानप आदी संशोधकांनी तिला नाव दिले ‘आयसियस तुकारामी’. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अंगावर गोळ्या झेलून कसाबला धरून ठेवणारे शहीद तुकाराम ओंबळे, त्यांचे हे नाव. ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या केडंबे या डोंगरी गावचे.

आता नवी जात म्हणजे ती काल जन्मली असे समजू नका. ती होतीच, नीट पाहणारा आता भेटला. अभ्यासक असा कोळी सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, डोळ्यांची मांडणी व जननेंद्रियांची ठेवण पाहतात, माहीत असलेल्या जातींशी ताडून बघतात. मग मापे आणि चित्रे छापून नमुना जपून ठेवतात. जगात नोंद झालेल्या कोळ्यांच्या जाती एप्रिल २०२२ मध्ये ५० हजारांवर गेल्या, तरी मोजणी संपलेली नाही.

‘तुकारामी’ हा उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला. हे कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाहीत. पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांनी सावज हेरतात आणि झडप घालतात. या कुळातले दुसरे कोळी आपल्या कपाशीतही असतात. तुडतुडे, माशा, लहान पतंग हे त्यांचे खाणे. पिकाचा रस ते शोषत नाहीत.

रस शोषतो तो लाल कोळी. तो टाचणीच्या टोकाएवढा, पानामागे घोळक्याने राहतो, पान तांबूस पडते. नाव एकच असले तरी एक चोर आहे आणि दुसरा राखणदार. सरसकट जहाल औषध मारले की राखणदार आधी मरतो. तुडतुडे मात्र लवकर वाढतात, कोळी सावकाश. मग पुन्हा फवारणी, पुन्हा खर्च.

म्हणून पंप पाठीवर घेण्याआधी पाने उलटून पाहा. शेतात फिरून वीसेक झाडे तपासा. सरासरी पानामागे दोन-तीन तुडतुडे भरत नसतील तर थांबा. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क वापरा. बांधावरचे सगळे गवत जाळू नका, कोळ्यांचा आसरा तिथेच असतो.

ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनाही एक विनंती. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे गावाची समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. ती कपाटात ठेवण्यासाठी नाही. शाळेतल्या पोरांना घेऊन बांधावर, गिरणाकाठी एक फेरी मारा. दिसेल त्या कोळ्याचा फोटो, जागा, तारीख लिहून ठेवा. नाव शास्त्रज्ञ सांगतील.

ठाण्यासारख्या गजबजलेल्या जिल्ह्यात नवा कोळी सापडतो, तर आपल्या भडगाव तालुक्यातल्या शिवारात, पलीकडच्या अजिंठ्याच्या डोंगरात काय काय असेल? ते कळायच्या आत आपल्याच पंपाने मरू नये, एवढी काळजी या हंगामात घेऊ या.